गहाण सोडवायचं कुणी? ख्रिस्ती आणि इस्लामी विचारात विश्वास, कर्म आणि तारण

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बाजारपेठेतून चाललं की एखाद्या पतसंस्थेच्या दारावर 'सोने तारण कर्ज' अशी पाटी दिसते. त्याच गावात चर्च असेल तर तिथल्या उपदेशातही 'तारण' हाच शब्द येतो. पाटीवरच्या तारणाचा अर्थ कर्जापोटी अडकवून ठेवलेली वस्तू, आणि चर्चमधल्या तारणाचा अर्थ पापातून सुटका. मराठीत हे दोन अर्थ एका शब्दात आले हा योगायोग असेल, पण विषय समजायला तो फार उपयोगी आहे. कारण ख्रिस्ती आणि इस्लामी, दोन्ही परंपरा माणसाच्या अवस्थेबद्दल बोलताना कर्ज, गहाण, मजुरी, हिशोब हीच भाषा वापरतात.

कुराणातल्या 74व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, एक वाक्य आहे: प्रत्येक जीव आपल्या कमाईपायी गहाण आहे. मूळ अरबी शब्द 'रहीना'. निजामाच्या काळातले जमिनीचे उर्दू कागद ज्यांनी हाताळले असतील त्यांना 'रहन' म्हणजे गहाण हे वेगळं सांगायला नको. आणि मार्काच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की, पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला मी आलो आहे. खंडणी हा शब्द आज गुंडांच्या बातम्यांत वाचायची सवय झाली आहे, पण इथे त्याचा अर्थ बंदिवानाला सोडवण्यासाठी भरलेली रक्कम असा आहे.

म्हणजे दोन्हीकडे माणूस अडकलेला आहे यावर एकमत आहे. प्रश्न इतकाच, की गहाण सोडवायचं कुणी आणि कशानं?

याचं गावगप्पांमधलं उत्तर ठरलेलं असतं: ख्रिस्ती माणसाला नुसता विश्वास पुरतो, मुसलमानाला मात्र कर्मांचा हिशोब द्यावा लागतो. खुलताबादेत चौदाव्या शतकापासून सूफींचे दर्गे आहेत, जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. इतक्या काळाच्या शेजारानंतरही हे वाक्य तसंच चालत आलं आहे. ते दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे, आणि नेमकं कुठे चुकतं ते पाहिलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

आधी शब्द नीट लावून घेऊ

'विश्वास' म्हणजे देव आहे असं मानणं, एवढाच अर्थ घेतला तर पुढचं सगळं गडबडतं. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात एक सडेतोड वाक्य आहे: देव एकच आहे असा तुझा विश्वास आहे ना? चांगलं आहे, भुतंही तसाच विश्वास ठेवतात आणि थरथर कापतात. इस्लाममध्ये हेच काम इब्लीसची, म्हणजे सैतानाची, कथा करते. इब्लीसला अल्लाहच्या अस्तित्वाबद्दल शंका नव्हती, तो तर समोरासमोर बोलत होता. त्यानं फक्त हुकूम मानला नाही. माहिती असणं आणि स्वतःला सोपवून देणं यातला फरक दोन्ही धर्मांनी सैतानाच्याच उदाहरणानं शिकवला आहे.

ख्रिस्ती 'विश्वास' म्हणजे ख्रिस्तावर भरवसा टाकणं. एखाद्यानं आपल्यासाठी जामीन राहावं आणि आपण निर्धास्त व्हावं, तसा. मुसलमानांचा 'ईमान' म्हणजे अल्लाह, फरिश्ते, ग्रंथ, पैगंबर, आखिरतचा म्हणजे अंतिम निवाड्याचा दिवस आणि तकदीर या सहा गोष्टी मनानं खऱ्या मानणं आणि जिभेनं कबूल करणं. 'अमल' म्हणजे कर्म. 'अमल-ए-सालेह' म्हणजे सत्कर्म. सुटकेला मुसलमान 'नजात' म्हणतात, माफीला 'मगफिरत'. मोक्ष हा शब्द इथे न वापरलेला बरा. त्यामागे जन्ममरणाच्या फेऱ्याची कल्पना आहे, आणि ती या दोन्ही धर्मांत नाही.

एकाच मळ्याच्या दोन गोष्टी

मत्तयाच्या विसाव्या अध्यायात येशू मजुरांची गोष्ट सांगतो. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे अड्ड्यावर जातो, दिवसाला एक दीनार ठरवून मजूर आणतो. पुन्हा नऊच्या सुमाराला जातो, मग दुपारी बाराला, मग तीनला. संध्याकाळी पाचला गेला तरी काही माणसं उभीच असतात. का उभे आहात? कुणी बोलावलं नाही म्हणून. त्यांनाही तो घेऊन येतो. दिवेलागणीला हाजरी वाटताना शेवटच्यापासून सुरुवात होते, आणि तासभर काम केलेल्याच्या हातावर पूर्ण दीनार पडतो. पहाटेपासून राबलेल्यांना वाटतं आपल्याला जास्त मिळणार. त्यांनाही एकच दीनार. ते कुरकुरतात. मालक म्हणतो, ठरलेलं दिलं ना? मग मी उदार आहे हे तुझ्या डोळ्यांत का सलतं?

कापूस वेचणीला किलोवर मजुरी घेणाऱ्या बाईला ही गोष्ट ऐकवली तर ती पहिल्या मजुरांचीच बाजू घेईल, आणि गोष्टीला तेच हवं आहे. ऐकणाऱ्याला हा अन्याय टोचल्याशिवाय कृपा म्हणजे काय ते कळत नाही.

आता इमाम बुखारींच्या हदीससंग्रहातली गोष्ट. हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनांची आणि कृतींची नोंद. पैगंबर मुहम्मद सांगतात: तौरातवाल्यांनी (यहुदींनी) दुपारपर्यंत काम केलं, त्यांना एकेक कीरात, म्हणजे एक छोटं माप, मिळाला. इंजीलवाल्यांनी (ख्रिस्ती लोकांनी) असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजपर्यंत केलं, त्यांनाही एकेक कीरात. मग कुराणवाल्यांनी सूर्यास्तापर्यंत केलं आणि त्यांना दोन-दोन कीरात मिळाले. आधीचे म्हणाले, आमचं काम जास्त आणि यांना मजुरी जास्त? अल्लाहनं विचारलं, तुमच्या हक्काचं काही कमी दिलं का? नाही म्हणाले. मग हा माझा फजल आहे, मी हवा त्याला देतो.

फजल म्हणजे हक्कापलीकडचं दान. दोन्ही गोष्टींत शेवटचा शब्द मालकाच्या औदार्याचा आहे. 'कर्मांचा धर्म' म्हणून ज्याच्याकडे पाहिलं जातं त्या इस्लामच्या ग्रंथात ही गोष्ट आहे, हे पुन्हा एकदा वाचून घ्यावं.

पौल आणि याकोब

ख्रिस्ती बाजूची खरी गाठ नव्या करारातच आहे. रोमकरांस पत्रात प्रेषित पौल म्हणतो, मनुष्य नियमशास्त्राच्या, म्हणजे मोशेच्या कायद्याच्या, कर्मांवाचून विश्वासानं नीतिमान ठरतो (3:28). याकोब म्हणतो, मनुष्य केवळ विश्वासानं नव्हे तर क्रियांनी नीतिमान ठरतो (2:24). आणि साक्षीदार म्हणून दोघंही एकाच माणसाला उभं करतात: अब्राहाम.

पौल उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातला अब्राहाम घेतो. म्हातारा, निपुत्रिक, देवाचं वचन खरं मानतो आणि ते त्याच्या खात्यावर नीतिमत्त्व म्हणून जमा होतं. सुंता अजून झालेली नाही, नियमशास्त्र तर शेकडो वर्षं लांब. याकोब बाविसाव्या अध्यायातला अब्राहाम घेतो, मुलाला वेदीवर ठेवणारा. पौलाचा प्रश्न आहे 'दार उघडतं कशानं?' आणि याकोबाचा प्रश्न आहे 'आत आलेला माणूस ओळखायचा कसा?' पौलाच्या समोर आपल्या धर्मपालनाचा अभिमान असलेले लोक आहेत. याकोबाच्या समोर उघड्या, उपाशी भावाला 'जा, ऊब घे, पोटभर जेव' म्हणून रिकाम्या हातानं पाठवणारे. रोग वेगळे, म्हणून औषधं वेगळी.

इफिसकरांस पत्रातली वचनं इथे हमखास उद्धृत होतात: कृपेनंच विश्वासाच्या द्वारे तुमचं तारण झालेलं आहे, ते कर्मांनी नव्हे, म्हणजे कुणी बढाई मारू नये. ही 2:8 आणि 9. अनेक जण इथेच थांबतात आणि चूक इथेच होते, कारण दहावं वचन लगेच सांगतं की सत्कर्मं करण्यासाठीच आपली निर्मिती झाली आहे.

ल्यूथर, त्रेंत आणि 1999

31 ऑक्टोबर 1517 ला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं विटेनबर्गमध्ये 95 मुद्दे मांडले ते पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध. पैसे भरा, शिक्षा कमी करून घ्या, असा तो व्यवहार चालला होता. ल्यूथरनं 1522 मध्ये नवा करार जर्मनमध्ये आणला तेव्हा रोमकर 3:28 मध्ये 'केवळ' हा शब्द आपल्या बाजूनं घातला: केवळ विश्वासानं. मूळ ग्रीकमध्ये तो तिथे नाही. त्याचं म्हणणं, अर्थ तोच आहे आणि जर्मन भाषेला तो लागतो. याकोबाच्या पत्राला त्यानं त्याच सुमारास 'गवताचं पत्र' म्हटलं.

ल्यूथरचं म्हणणं मराठवाड्याच्या भाषेत सांगायचं तर, कृपा म्हणजे उचल नव्हे. बीडचा ऊसतोड मजूर हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो आणि फडावर कोयता चालवून ती फेडतो. फिटली नाही तर पुढच्या हंगामाला पुन्हा जावं लागतं. पुष्कळ भाविक देवाच्या कृपेकडे याच नजरेनं बघतात: त्यानं आधी दिलं, आता आयुष्यभर फेडत बसायचं. ल्यूथरच्या वाटेनं गेलेल्या प्रोटेस्टंटांची शिकवण म्हणते की ख्रिस्तानं उचल फेडून कागद फाडून टाकला. कलस्सैकरांस पत्रात (2:14) हेच चित्र आहे. आपल्याविरुद्धचं ऋणपत्र वधस्तंभाला खिळून रद्द केलं. त्यानंतर केलेलं सत्कर्म हे फेड नसून मोकळ्या झालेल्या माणसाचं काम आहे. चांगल्या झाडाला चांगलं फळ येतं. फळं बांधून झाड चांगलं होत नाही.

कॅथलिक उत्तर त्रेंत इथे भरलेल्या चर्चच्या परिषदेनं दिलं (1545 ते 1563). तिचा तारणाबद्दलचा ठराव जानेवारी 1547 चा. त्यातला पहिलाच नियम वाचून लोक चकित होतात: ख्रिस्ताच्या कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असं जो म्हणेल तो चर्चबाहेर. म्हणजे 'कॅथलिक लोक कर्मांनी तारण कमावतात' हेही खरं नाही. फरक पुढे आहे. ल्यूथरच्या मते नीतिमान ठरवलं जाणं हा कोर्टाच्या निकालासारखा एका क्षणाचा निर्णय. कॅथलिकांच्या मते नीतिमान होत जाणं ही आयुष्यभराची वाढ. बियाणं देवाचं, पाणी त्याचं, जमीन त्याची. खुरपणी तुला करायची आहे, आणि खुरपायला हातात येणारं बळही त्याचंच. पीक उभं राहिलं की तो तुझं कौतुक करतो. संत ऑगस्टिननं म्हटलं होतं की देव आपल्या पुण्याला मुकुट घालतो तेव्हा तो स्वतःच्याच देणग्यांना मुकुट घालत असतो.

या भांडणावर पुढे बरंच काम झालं. 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीतल्या ऑग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन महासंघ यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: आपल्या कुठल्याही पात्रतेमुळे नव्हे, केवळ कृपेनं देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा देऊन सत्कर्मांसाठी सज्ज करतो. मेथॉडिस्ट 2006 मध्ये त्यात सामील झाले. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण याच मुद्द्यावर एकमेकांना दिलेले सोळाव्या शतकातले शाप आजच्या त्या शिकवणीला लागू नाहीत, असं दोघांनी लिहून दिलं.

ईमान आणि अमल: जोडीनं येणारे दोन शब्द

कुराणात 'ज्यांनी ईमान आणलं आणि सत्कर्मं केली' ही जोडी इतक्यांदा येते की अरबी न कळणाऱ्यालाही 'आमनू व अमिलुस्सालिहात' कानानं ओळखता येतं. 103वी सूरह तर अवघ्या तीन आयतींची, म्हणजे वचनांची: काळाची शपथ, माणूस तोट्यात आहे, अपवाद त्यांचा ज्यांनी ईमान आणलं, सत्कर्मं केली, एकमेकांना सत्याची आणि धीराची ताकीद दिली.

हिशोबाच्या दिवशी मीजान म्हणजे तराजू मांडला जाईल. कणाएवढं भलं केलं तर दिसेल, कणाएवढं बुरं केलं तरी दिसेल. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण या तराजूची मापं बघा. एका सत्कर्माला दहापट, काही वेळा सातशेपट मोजदाद. दुष्कर्माला एकास एक. चांगलं करायचं ठरवलं आणि जमलं नाही, तरी एक नेकी लिहिली जाते. मोंढ्यातला काटा आपल्याविरुद्ध झुकतो अशी शेतकऱ्याची कायमची तक्रार असते; हा काटा मुद्दाम माणसाच्या बाजूनं झुकवलेला आहे.

एवढं करूनही तराजूवर भिस्त ठेवायची नाही. पैगंबर म्हणाले, तुमच्यापैकी कुणालाही त्याचं कर्म जन्नतमध्ये नेणार नाही. साथीदारांनी विचारलं, तुम्हालासुद्धा नाही? म्हणाले, मलासुद्धा नाही, अल्लाहनं आपल्या रहमतीनं, म्हणजे दयेनं, झाकलं तरच. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. गावगप्पांमधलं ते वाक्य इथे निकालात निघतं.

मग कर्म कशाला? उलेमा, म्हणजे धर्मपंडित, उत्तर देतात की कर्म ही किंमत नाही, पण रहमत मागायला हात पसरावा लागतो, आणि कर्म म्हणजे तो पसरलेला हात. शिवाय जन्नतमध्ये जाणं रहमतीनं असलं तरी तिथले दर्जे कर्मांप्रमाणे आहेत.

मोठं पाप करणाऱ्याचं काय, यावर इस्लामच्या पहिल्या शतकातच वाद पेटला. 657 च्या सिफ्फीनच्या, मुसलमानांच्या आपसातल्या, लढाईनंतर वेगळे झालेले खारिजी म्हणत, मोठं पाप केलं की ईमान संपलं. मुर्जिआ म्हणत, ईमान असलं की पापानं काही बिघडत नाही. मुअतजिला मध्येच, तो ना मोमिन (ईमान असलेला) ना काफिर. सुन्नी परंपरेनं ठरवलं की पापी मोमिन हा मोमिनच. अल्लाह माफ करील किंवा काही काळ शिक्षा देईल, पण ईमान असलेला कायमचा जहन्नममध्ये राहणार नाही. मराठवाड्यातले बहुसंख्य सुन्नी ज्या हनफी पंथाचे आहेत त्याचे इमाम अबू हनीफा (मृत्यू 767) यांनी ईमानाच्या व्याख्येत कर्म धरलंच नाही. मन मानतं आणि जीभ कबूल करते, ते ईमान. नमाज-रोजा हे त्यावरचं फर्ज. बाकीचे तीन सुन्नी इमाम कर्म ईमानातच धरतात आणि ते कमीजास्त होतं असं म्हणतात. हनफी मांडणी वाचताना ल्यूथर आठवतो खरा, पण घाई करू नये: इथे जामीन राहणारा कुणी नाही.

नियत, आणि दिवाळखोराची हदीस

बुखारीच्या संग्रहातली पहिलीच हदीस आहे: कर्मं 'नियत'वर, म्हणजे हेतूवर, अवलंबून. मराठीनं 'नियत' हा शब्द जसाच्या तसा घेतला, अर्थासकट. मुस्लिमच्या संग्रहात एक भीषण दृश्य आहे. पहिला निवाडा तिघांचा होतो: एक शहीद, एक कुराणाचा विद्वान, एक दानशूर. तिघंही म्हणतात तुझ्यासाठी केलं. तिघांनाही उत्तर मिळतं, लोकांनी वाहवा करावी म्हणून केलंस, ती मिळाली. आणि तिघं आगीत. दिखाव्याच्या या रोगाला 'रिया' म्हणतात. येशूही डोंगरावरच्या प्रवचनात हेच सांगतो: दान करताना पुढे कर्णा वाजवू नको, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नको.

याहून कामाची हदीस दिवाळखोराची. पैगंबरांनी विचारलं, मुफलिस कोण? ज्याच्याकडे पैसा-अडका नाही तो, लोक म्हणाले. ते म्हणाले, माझ्या उम्मतमधला, म्हणजे अनुयायांमधला, मुफलिस तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात घेऊन येईल. पण त्यानं कुणाला शिवी दिलेली, कुणावर आळ घेतलेला, कुणाचा माल खाल्लेला, कुणाला मारलेलं. मग त्याच्या नेक्या एकेकाला वाटल्या जातील. नेक्या संपल्या आणि देणं उरलं, तर त्या लोकांची पापं याच्या अंगावर टाकली जातील.

अल्लाहचे हक आणि माणसांचे हक ही इस्लाममधली विभागणी इथे दिसते. नमाज चुकली तर तो मामला अल्लाहचा, आणि तो माफ करणारा आहे. भावाच्या बांधात दोन हात सरकून नांगर घातला असेल तर तो हक भावाचा; तो परत दिल्याशिवाय किंवा भावानं माफ केल्याशिवाय सुटका नाही. म्हणून तौबाच्या, म्हणजे पश्चात्तापाच्या, अटी अशा सांगतात: पाप तत्काळ सोडणं, मनापासून पस्तावणं, पुन्हा न करण्याचा निश्चय, आणि माणसाचा हक असेल तर तो परत करणं. पहिल्या तीन करून चौथी टाळणं ही सर्वांत सर्रास होणारी चूक. हज करून येतात, सात-बारा मात्र तसाच राहतो.

ख्रिस्ती बाजूला कॅथलिकांचा प्रायश्चित्त संस्कार याला जवळचा आहे: स्वतःची झडती, पश्चात्ताप, धर्मगुरूपुढे कबुली, क्षमेचं वचन, आणि नेमून दिलेलं प्रायश्चित्त. प्रोटेस्टंट देवापुढेच थेट कबुली देतात. पण भरपाईचा मुद्दा लूकच्या शुभवर्तमानातही आहे. यरीहोचा जकातदार जक्कय येशूला पाहायला झाडावर चढतो, येशू त्याच्या घरी उतरतो, आणि जक्कय उठून म्हणतो, माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, कुणाचं काही लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. येशू म्हणतो, आज या घराला तारण झालं आहे. जक्कयनं चौपटीनं तारण विकत घेतलं की तारण झालं म्हणून चौपटीचं बळ आलं? पौल वाचणारे दुसरं म्हणतात. लूक एवढंच सांगतो की येशू न बोलावता आधीच त्याच्या झाडाखाली येऊन उभा राहिला होता.

जकातीचा हिशोब, प्रत्यक्ष

कर्म हा शब्द हवेत राहू नये म्हणून एक कर्म जवळून बघू. मराठी बायबलमधला 'जकातदार' आणि पूर्वी नाक्यावर घेतली जाणारी 'जकात' कराशी संबंधित. इस्लामी जकात वेगळी: मालमत्तेतून दरवर्षी काढायचं सक्तीचं दान. अरबी धातूचा अर्थ शुद्ध होणं, वाढणं.

निसाब म्हणजे किमान मर्यादा: साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. इथला तोळा जुना, 11.664 ग्रॅमचा. म्हणजे सोनं 87.48 ग्रॅम, चांदी 612.36 ग्रॅम. आजचा सराफ 10 ग्रॅमला तोळा म्हणतो, त्यामुळे त्याच्या तोळ्यांनी मोजलं तर मर्यादा चुकते. रोकड आणि व्यापारी माल बहुधा चांदीच्या निसाबाशी ताडून बघतात, कारण त्यात गरिबाचा फायदा आहे.

समजा, जालन्याच्या मोंढ्यात बियाण्याचं दुकान आहे. आजच्या विक्रीभावानं माल 3,20,000 रुपये, गल्ला आणि बँक मिळून 90,000, खात्रीची उधारी येणं 40,000. बेरीज 4,50,000. त्यातून ठोक व्यापाऱ्याचं लगेचचं देणं 1,10,000 वजा. उरले 3,40,000. अडीच टक्के म्हणजे 8,500 रुपये. दुकानाची जागा, फडताळं, राहतं घर, मोटरसायकल यांवर जकात नाही. वर्ष चांद्र, सुमारे 354 दिवसांचं. मार्चअखेरच्या ताळेबंदावरून काढायची असेल तर अडीचऐवजी 2.577 टक्के धरतात.

ही रक्कम आईबाप किंवा मुलाबाळांना दिली तर जकात होत नाही, कारण त्यांचं पोषण हे कर्तव्यच आहे. हनफी मतानुसार गरिबाच्या हातात मालकीनं जायला हवी, म्हणून मशिदीच्या बांधकामाला चालत नाही. आणि देताना किंवा रक्कम बाजूला काढताना जकातीची नियत नसेल, तर दहा हजार वाटले तरी तो सदका, म्हणजे ऐच्छिक दान, होतो, जकात बाकीच राहते. घेणाऱ्याला मात्र ही जकात आहे असं सांगायची गरज नाही. त्याचा मान राखला जातो.

शेतमालावर उश्र आहे: कोरडवाहूला दहावा हिस्सा, विहिरीच्या किंवा विकतच्या पाण्यावर विसावा. पाणी ओढायचे कष्ट हिशोबात धरलेत. भारतातल्या जमिनीवर उश्र लागू आहे का, यावर उलेमांत दोन मतं आहेत.

ख्रिस्ती कुटुंबांत दशमांश देण्याची रीत आहे, उत्पन्नाचा दहावा भाग. तो आभार म्हणून. दशमांश दिला म्हणून पीक वाढेल, आजार जाईल, असा सौदा काही उपदेशक शिकवतात. आमच्या मते ही ल्यूथरनं विरोध केलेल्या पापक्षमापत्रांचीच नवी आवृत्ती आहे.

खरा फरक

खरा फरक विश्वास आणि कर्म यांच्या प्रमाणात नाही. तो दोन ठिकाणी आहे.

एक, आदाम. ख्रिस्ती शिकवणीत आदामाच्या पतनानं मानवी स्वभावच मोडला. माणूस स्वतःच्या बळावर उठू शकत नाही. कुराणात आदमनं चूक केली, तौबाचे शब्द अल्लाहकडूनच शिकला, आणि तिथल्या तिथे माफी मिळाली. मूल फितरतवर, म्हणजे निर्मळ प्रकृतीवर जन्मतं. माणूस दुबळा आहे, विसराळू आहे, पण मोडलेला नाही. त्यामुळे त्याला मार्गदर्शन लागतं. बदली माणूस लागत नाही.

दोन, ओझं कोण उचलतं. 'कुणी दुसऱ्याचं ओझं वाहणार नाही' हे कुराण पुन्हा पुन्हा सांगतं, आणि ईसा (येशू) यांना सुळावर चढवलं गेलं हे नाकारतं (4:157). ख्रिस्ती सुवार्तेचा गाभाच हा, की एकानं सगळ्यांचं ओझं वाहिलं. मुसलमानाला वाटतं, निर्दोषाला शिक्षा देऊन दोषीला सोडणं हा न्याय कसा? अल्लाह थेट माफ करू शकतोच ना! ख्रिस्ती माणसाला वाटतं, किंमत न मोजता दिलेली माफी पापाला हलकं करते. देवानं किंमत स्वतःच मोजली. दोघंही देवाला न्यायी आणि दयाळू मानतात. दया आणि न्याय एकत्र कसे बसतात, तिथे वाटा वेगळ्या होतात.

'मग आमचं काय?' असं दुसऱ्या धर्माचे शेजारी विचारतात तेव्हा दोन्हीकडे एकच उत्तर नाही. कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1964 मध्ये म्हटलं की स्वतःच्या दोषाविना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे सदसद्विवेकानं देवाला शोधतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. अनेक प्रोटेस्टंट हे मानत नाहीत. कुराणात शिर्क (अल्लाहबरोबर दुसऱ्या कुणाला भागीदार मानणं) सोडून बाकीचं अल्लाह हवं त्याला माफ करतो असं आहे (4:48), आणि पैगंबराचा संदेश ज्यांच्यापर्यंत पोचलाच नाही त्यांच्याबद्दल उलेमांची वेगवेगळी मतं आहेत.

दर्ग्यातल्या वलींच्या (संतांच्या) वसील्याबद्दल, म्हणजे मध्यस्थीबद्दल, मुसलमानांतच तीव्र वाद आहेत, जसे संतांच्या मध्यस्थीबद्दल कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांत. त्यात इथे शिरत नाही.

शेवटच्या दिवशी

ख्रिस्ती दफनाच्या वेळी वधस्तंभावरच्या चोराची आठवण काढतात. त्याच्याकडे कर्म करायला वेळच नव्हता, आणि तरी त्याला ऐकायला मिळालं, 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील'. मुसलमानांच्या जनाज्याच्या (अंत्ययात्रेच्या) नमाजमध्ये रुकू म्हणजे वाकणं नाही, सजदा म्हणजे डोकं टेकणं नाही. उभ्यानं चार तकबीर, म्हणजे 'अल्लाहु अकबर' म्हणणं, आणि मृतासाठी मगफिरतची दुआ.

त्या नमाजेआधी पुष्कळ गावांत घरचा कुणी पुढे येऊन मोठ्यानं विचारतो: मरहूमकडे कुणाचं काही देणं असेल तर आम्हाला सांगा, नाहीतर माफ करा. या रीतीमागे बुखारीतली एक घटना आहे. एक जनाजा आणला गेला. पैगंबरांनी विचारलं, याच्यावर कर्ज आहे का? आहे, तीन दीनार. काही मागे ठेवलंय? नाही. मग तुमच्या साथीदाराची नमाज तुम्हीच पढा, म्हणून ते बाजूला झाले. तेव्हा अबू कतादा पुढे आले. 'याचं कर्ज माझ्यावर,' ते म्हणाले. मग पैगंबरांनी नमाज पढवली.